ओल्या भाताचा प्रश्न आणि अभियांत्रिकी संशोधनातील आंतरराष्ट्रीय सहकार्य : तंजावरचा अनुभव

तमिळनाडूतील तंजावर हे शहर मराठी वाचकांना भोसले घराण्याची राजधानी, बृहदीश्वर मंदिरातील मराठी शिलालेख आणि सरस्वती महाल ग्रंथालय यांमुळे परिचित आहे. मात्र भारतातील अभियांत्रिकी संशोधन आणि परदेशी सहकार्य यांच्या इतिहासातही या प्रदेशाला महत्त्वाचे स्थान आहे. १९६०च्या दशकात अमेरिकी अर्थसाह्य, जपानी वाणांचा संकर आणि जर्मन व जपानी यंत्रसामग्री या तीन मार्गांनी परदेशी ज्ञान या जिल्ह्यात दाखल झाले. त्यामुळे भाताचे उत्पादन वाढले. त्याचबरोबर पावसात भिजलेल्या भाताचे काय करायचे, हा नवा प्रश्न निर्माण झाला. त्या प्रश्नावर काम करण्यासाठी सुरू झालेली एक छोटी प्रयोगशाळा आज राष्ट्रीय महत्त्वाची शिक्षणसंस्था म्हणून ओळखली जाते.

परदेशी विद्यापीठांशी होणाऱ्या सामंजस्य करारांच्या बातम्या आज वरचेवर येतात. अशा करारांतून टिकाऊ काम केव्हा उभे राहते आणि केव्हा नाही, हे समजून घेण्यासाठी तंजावरचा अनुभव उपयुक्त ठरतो.

कल्लणै : ज्ञानाचा उलटा प्रवास

कावेरीचा त्रिभुज प्रदेश हे तमिळनाडूचे भाताचे कोठार मानले जाते. पूर्वीच्या अखंड तंजावर जिल्ह्यातून १९९१ मध्ये नागपट्टिनम, १९९७ मध्ये तिरुवारूर आणि २०२० मध्ये मयिलादुतुरै असे जिल्हे टप्प्याटप्प्याने वेगळे झाले. या प्रदेशाचे सिंचन कल्लणै या प्राचीन बंधाऱ्यावर आधारलेले आहे. चोळ राजा करिकाल याच्या नावाशी जोडलेला हा बंधारा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा मानला जातो. नदीच्या वाळूत मोठमोठे दगड टाकायचे, प्रवाहाने खालची वाळू वाहून गेली की ते खाली बसू द्यायचे आणि त्यांवर पुन्हा दगड रचायचे, अशा रीतीने त्याचा पाया घातला गेला.

ब्रिटिश अभियंते आर्थर कॉटन यांच्याकडे १८२०च्या दशकाच्या अखेरीस कावेरीच्या सिंचनाचे काम आले. खडक लागेपर्यंत खोदकाम न करताही वाळूच्या पात्रात भक्कम पाया घालता येतो, ही गोष्ट आपण येथील जुन्या बांधकामावरून शिकलो, हे त्यांनी पुढे मान्य केले. १८३६ मध्ये कोळ्ळिडम नदीवर त्यांनी बांधलेल्या बंधाऱ्यांत आणि १८४७ ते १८५२ या काळात गोदावरीवर धवळेश्वरम येथे बांधलेल्या बंधाऱ्यात या ज्ञानाचा उपयोग झाला. परदेशी तज्ज्ञ शिकवतो आणि स्थानिक माणूस शिकतो, ही सर्वसाधारण समजूत तंजावरला आरंभापासूनच लागू पडत नाही.

सरफोजी राजांचा प्रयत्न

युरोपीय विज्ञानाशी जाणीवपूर्वक संबंध जोडण्याचा पहिला मोठा प्रयत्न तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी (१७७७-१८३२) यांनी केला. जर्मन धर्मोपदेशक ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ हे त्यांचे गुरू होते. श्वार्ट्झ ज्या मिशनमधून भारतात आले, त्याचे केंद्र जवळच्या तरंगंबाडी या डॅनिश वसाहतीत होते. सरफोजी १७९८ मध्ये गादीवर आले. १७९९ च्या तहाने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि राजांची सत्ता तंजावरच्या किल्ल्यापुरती उरली. त्यानंतर त्यांनी आपले उत्पन्न आणि लक्ष मोठ्या प्रमाणावर ग्रंथसंग्रह, वैद्यक, मुद्रण आणि वैज्ञानिक उपकरणे यांकडे वळविले. हवेचा पंप, विद्युत यंत्र, खगोल निरीक्षणाची साधने यांचा उल्लेख तत्कालीन युरोपीय पाहुण्यांच्या लेखनात आढळतो. १९व्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांच्या छापखान्यात देवनागरी लिपीत मराठी पुस्तके छापली गेली. १८२६ मध्ये त्यांना भेटलेले बिशप हेबर यांनी राजांच्या बोलण्यात लाव्हाझिए, लिनियस, ब्युफॉं या शास्त्रज्ञांचे संदर्भ सहज येत असल्याची नोंद केली आहे.

हा प्रयत्न अत्यंत मोलाचा होता. तथापि तो बहुतांशी एका व्यक्तीच्या जिज्ञासेवर उभा होता. सरफोजींच्या पश्चात उपकरणे हाताळणारी, त्यांत सुधारणा करणारी आणि विद्यार्थी घडविणारी संस्था मागे राहिली नाही. १८५५ मध्ये वारसाअभावी कंपनीने तंजावरचे राज्य संपुष्टात आणले. ग्रंथालय टिकले, प्रयोग मात्र थांबले.

स्वातंत्र्योत्तर काळातील दोन वाटा

स्वातंत्र्यानंतर अभियांत्रिकी क्षेत्रातील परदेशी सहकार्य मुख्यत्वे दोन प्रकारे घडले. पहिल्या प्रकारात संपूर्ण शिक्षणसंस्था उभारण्यासाठी साह्य घेण्यात आले. मुंबई येथील आयआयटी १९५८ मध्ये युनेस्कोमार्फत मिळालेल्या सोव्हिएत साह्याने, तर मद्रास येथील आयआयटी १९५९ मध्ये पश्चिम जर्मनीच्या सहकार्याने सुरू झाली. कानपूर आयआयटीला १९६२ ते १९७२ या काळात नऊ अमेरिकी विद्यापीठांच्या व संस्थांच्या समूहाचे साह्य लाभले.

दुसऱ्या प्रकारात एखादा प्रत्यक्ष प्रश्न समोर ठेवून तंत्रज्ञान आणण्यात आले. तंजावरचा समावेश या प्रकारात होतो. फोर्ड फाउंडेशनच्या तज्ज्ञगटाने १९५९ मध्ये भारतातील अन्नसंकटाविषयी अहवाल सादर केला. त्याच्या आधारे १९६०-६१ पासून सघन कृषी जिल्हा कार्यक्रम सुरू झाला. पाण्याची हमी असलेले निवडक जिल्हे घेऊन तेथे बियाणे, खते, कर्ज व सल्ला एकत्रितपणे पुरविणे, असे त्याचे स्वरूप होते. पंजाबातील लुधियाना, आंध्रमधील पश्चिम गोदावरी, मध्य प्रदेशातील रायपूर यांच्याबरोबर तत्कालीन मद्रास राज्यातून तंजावरची निवड झाली.

जपानी संकराचे वाण

याच सुमारास दुसऱ्या एका आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचे फलित तंजावरला पोहोचले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या पुढाकाराने १९५०च्या दशकाच्या आरंभी कटक येथील केंद्रीय भात संशोधन संस्थेत भारतीय आणि जपानी भातांचा संकर करण्याचा कार्यक्रम हाती घेण्यात आला होता. आशियातील अनेक देश त्यात सहभागी होते. या प्रदीर्घ कार्यक्रमातून शेतात टिकलेली वाणे थोडीच निघाली. मलेशियातील महसुरी हे त्यांपैकी एक होय. तंजावर जिल्ह्यातील आडुतुरै येथील संशोधन केंद्राने १९६०च्या दशकाच्या मध्यास प्रसारित केलेले एडीटी-२७ हे दुसरे.

एडीटी-२७ साडेतीन महिन्यांच्या आसपास तयार होणारे, खताला चांगला प्रतिसाद देणारे वाण होते. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात भाताचे तीन हंगाम असतात : जूनमध्ये मेट्टूर धरणाचे पाणी सुटल्यावर सुरू होणारा कुरुवै, दीर्घ मुदतीचा सांबा आणि कुरुवैनंतर घेतला जाणारा ताळडी. एडीटी-२७ कुरुवै हंगामाला योग्य ठरले आणि काही वर्षांतच या हंगामातील मोठ्या क्षेत्रावर पसरले. उत्पादनवाढीचे उद्दिष्ट साध्य होऊ लागले.

नवी अडचण

कुरुवैची कापणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येते. त्याच सुमारास तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ईशान्य मोसमी पावसाचे दिवस सुरू होतात. पूर्वीची मुख्य कापणी जानेवारीनंतरच्या कोरड्या दिवसांत होत असल्याने खळ्यावरील उन्हात भात सहज वाळत असे. आता लाखो शेतकऱ्यांचे पीक ऐन पावसात खळ्यावर येऊ लागले.

कापणीच्या वेळी भातात साधारणपणे २० टक्क्यांहून अधिक ओलावा असतो. सुरक्षित साठवणुकीसाठी तो १४ टक्क्यांपर्यंत खाली आणावा लागतो. तसे न झाल्यास ढिगात उष्णता निर्माण होते, बुरशी धरते, दाणे पिवळे पडतात. कमी मुदतीच्या अनेक वाणांत बीजाची सुप्तावस्था अल्प असल्यामुळे ओल्या भाताला ढिगातच कोंब फुटतात. घाईने तीव्र उष्णतेवर वाळविल्यास दाण्याला सूक्ष्म तडे जातात आणि गिरणीत कणीचे प्रमाण वाढते. शेतकऱ्यासमोर दोनच पर्याय उरत होते : मिळेल त्या भावाने ओला भात विकणे किंवा रस्त्यावर पसरून उन्हाची वाट पाहणे.

आंतरराष्ट्रीय सहकार्याने अधिक पिकविण्याचा मार्ग दाखविला होता. पिकलेले वाचविण्याचा मार्ग त्या आराखड्यात पुरेसा विचारात घेतला गेला नव्हता.

आधुनिक भातगिरणी आणि प्रयोगशाळा

त्या काळी देशात बहुतेक ठिकाणी एंगलबर्ग पद्धतीचे हलर वापरले जात. त्यात तूस काढणे आणि तांदूळ सडणे ही दोन्ही कामे एकाच वेळी होत. त्यामुळे दाणे अधिक तुटत आणि तूस व कोंडा एकत्र मिसळल्याने कोंड्यापासून तेल काढता येत नसे. १९६०च्या दशकात फोर्ड फाउंडेशनच्या साह्याने केंद्र सरकारने निवडक जिल्ह्यांत नमुन्यादाखल आधुनिक भातगिरण्या उभारल्या. रबरी रुळांनी तूस वेगळे करणारी, वाळवणी यंत्रे व साठवण कोठ्या जोडलेली ही सामग्री जर्मनी व जपान येथून आणण्यात आली. तंजावर जिल्ह्यातील अशी गिरणी तिरुवारूर येथे, तंजावर सहकारी पणन महासंघाच्या व्यवस्थापनाखाली उभी राहिली.

या गिरणीला जोडून १९६७ मध्ये संशोधन व विकास प्रयोगशाळा सुरू करण्यात आली. परदेशातून आलेले वाळवणी यंत्र तेथील हवामान व भाताच्या जाती लक्षात घेऊन बनविलेले होते. कावेरीच्या काठी दमट हवा, उकडलेला भात खाण्याची पद्धत, इंधनाचा खर्च आणि एकाच वेळी बाजारात येणारा प्रचंड माल, अशी सर्वस्वी निराळी परिस्थिती होती. यंत्र जसेच्या तसे चालविणे पुरेसे नव्हते. त्यामागील उष्णतेचे व ओलाव्याचे गणित स्थानिक परिस्थितीनुसार पुन्हा मांडणे आवश्यक होते.

१९७२ मध्ये या प्रयोगशाळेचे रूपांतर भात प्रक्रिया संशोधन केंद्रात झाले आणि पुढे तिचे कार्य तंजावर येथून चालू लागले. ओल्या भाताला मीठ लावून तो काही काळ टिकविणे, तुसावर चालणारी भट्टी, कोंडा खवट होऊ नये यासाठी त्याचे स्थिरीकरण आणि वाफेच्या दाबाखाली भात उकडण्याची पद्धत, अशा विषयांवर केंद्राने काम केले. मीठ आणि तूस या दोन्ही गोष्टी शेतकऱ्याच्या हाताशी असणाऱ्या आहेत. भाताच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तुसाचा असतो. गिरणीतच निर्माण होणारे हे इंधन वापरल्यास वाळवणीच्या खर्चात मोठी बचत होते.

याच काळात खरगपूर येथील आयआयटीत भात प्रक्रिया अभियांत्रिकीवर, तर म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत भात उकडण्याच्या सुधारित पद्धतीवर संशोधन झाले. यंत्रनिर्मितीच्या क्षेत्रात महाराष्ट्राचाही वाटा होता. भिवंडी येथे १९३८ मध्ये स्थापन झालेली दांडेकर मशीन वर्क्स ही कंपनी अनेक दशके भातगिरणीची यंत्रे तयार करीत होती.

प्रयोगशाळेपासून राष्ट्रीय संस्थेपर्यंत

२००८ मध्ये या केंद्राची दर्जावाढ होऊन ते भारतीय पीक प्रक्रिया तंत्रज्ञान संस्था या नावाने ओळखले जाऊ लागले. संशोधनाची व्याप्ती भातापुरती न राहता भरडधान्ये, डाळी, फळे, भाजीपाला अशी वाढली आणि अन्न प्रक्रिया अभियांत्रिकीचे पदवी व पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले. २०१७ मध्ये संस्थेचे नाव भारतीय अन्न प्रक्रिया तंत्रज्ञान संस्था असे झाले. २०२१ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्यान्वये हरियाणातील कुंडली आणि तंजावर येथील दोन संस्थांना राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. राष्ट्रीय अन्न तंत्रज्ञान, उद्योजकता व व्यवस्थापन संस्था हे तिचे सध्याचे नाव आहे.

एका गिरणीच्या आवारातील प्रयोगशाळा स्वतः पदव्या देणारी संस्था होण्यास पाच दशकांहून अधिक काळ लागला. परदेशी साह्याचा मूळ कार्यक्रम त्याआधी कितीतरी वर्षे संपला होता. संस्था टिकली याचे कारण तिचा प्रश्न स्थानिक होता आणि तो दर वर्षी पावसाबरोबर पुन्हा समोर येत होता.

उकडा तांदूळ : तंत्र कोणाचे?

तंजावरच्या संशोधनाचा एक प्रमुख विषय उकडा तांदूळ हा आहे. कोकण व गोव्यातील वाचकांना त्याची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. भात भिजवून, वाफवून, वाळवून मग सडण्याची ही पद्धत भारतीय उपखंडात फार जुनी आहे. वाफेमुळे दाण्यातील पिष्ट चिकट होऊन बारीक तडे सांधले जातात आणि कणी कमी होते. बाहेरील थरातील ब-१ जीवनसत्त्वाचा काही अंश आत मुरतो व सडल्यानंतरही शिल्लक राहतो.

या गुणाचा शोध जगाला भारताबाहेर लागला. १८९०च्या दशकात जावा बेटावर डच वैद्य आइकमन यांनी सडलेल्या तांदळावर वाढविलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा विकार होतो, असे दाखविले. १९०५ मध्ये क्वालालंपूर येथील मनोरुग्णालयात विल्यम फ्लेचर यांनी रुग्णांचे दोन गट करून एका गटाला साधा सडलेला व दुसऱ्याला उकडलेला तांदूळ दिला. बेरीबेरीचा उपद्रव मुख्यत्वे पहिल्या गटात आढळला. मलायातील तमिळ मजूर उकडा तांदूळ खात असल्याने त्यांना हा विकार क्वचितच होतो, हे निरीक्षण या चर्चेच्या केंद्रस्थानी होते. आइकमन यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

यानंतरचा टप्पा अभियांत्रिकीचा होता. जर्मन वंशाचे ब्रिटिश रसायनतज्ज्ञ एरिक हुझेनलाउब यांनी निर्वात दाब व वाफ यांचा वापर करून भात उकडण्याची औद्योगिक प्रक्रिया विकसित केली व तिचे एकस्व घेतले. १९४०च्या दशकात अमेरिकेतील ह्यूस्टन येथे तिच्या आधारे तांदळाचा मोठा व्यवसाय उभा राहिला आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला हा तांदूळ पुरविण्यात आला. घराघरांत चालत आलेल्या पद्धतीवर यंत्राचे संस्करण करून दुसऱ्या देशात बाजारपेठ निर्माण झाली. मूळ पद्धत जपणाऱ्या प्रदेशांचा त्या व्यवसायात वाटा नव्हता.

भारतात मात्र दोन-तीन दिवस थंड पाण्यात भात भिजविण्याची पद्धत चालू राहिली. त्यात भात आंबून उग्र वास येई आणि सांडपाण्याचा उपद्रव होई. म्हैसूरच्या संस्थेने गरम पाण्यात भिजवून हा कालावधी काही तासांवर आणला. तंजावरच्या केंद्राने दाबाच्या वाफेचा उपयोग करून पाणी व वेळ यांत आणखी बचत साधली. ज्यांचे तंत्र होते त्यांच्याच प्रदेशात, परंतु बऱ्याच विलंबाने, त्याची अभियांत्रिकी उभी राहिली.

ज्ञानाचे स्वामित्व

सहकार्यातून निर्माण होणाऱ्या ज्ञानावर हक्क कोणाचा, हा प्रश्न १९९०च्या दशकात भारतात ऐरणीवर आला. जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर, या विषयावर अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ मध्ये एकस्व मिळाले होते. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने तत्कालीन महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली त्यास आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. त्याच वर्षी टेक्सासमधील एका कंपनीला बासमती तांदळासंबंधी एकस्व मिळाले. भारताच्या हरकतीनंतर त्यातील बहुतेक महत्त्वाचे दावे मागे पडले.

या अनुभवानंतर पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय उभारण्यात आले आणि २००२ मध्ये जैवविविधता कायदा संमत झाला. या कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या राष्ट्रीय प्राधिकरणाचे मुख्यालय चेन्नई येथे आहे. देशी वाण व इतर जैविक साधने संशोधनासाठी परदेशी व्यक्ती वा संस्थांना देताना या प्राधिकरणाची अनुमती लागते. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार चालणाऱ्या सहयोगी संशोधन प्रकल्पांना त्यात सवलत आहे. विद्यापीठातील संशोधकाला आज करारावर सही करण्यापूर्वी ही चौकट समजून घ्यावी लागते. नमुना कोणाचा, माहितीसाठा कोठे राहणार, शोधनिबंधावर कोणाची नावे येणार आणि एकस्व मिळाल्यास उत्पन्नाची विभागणी कशी होणार, या बाबी आरंभीच लेखी ठरविणे हिताचे असते.

सहकार्याची आजची साधने

आजचे सहकार्य फोर्ड फाउंडेशनच्या काळापेक्षा वेगळ्या पायावर उभे आहे. भारत-फ्रान्स सहकार्य केंद्र १९८७ पासून, भारत-अमेरिका विज्ञान व तंत्रज्ञान मंच २००० पासून आणि भारत-जर्मनी विज्ञान व तंत्रज्ञान केंद्र २०१० पासून संयुक्त प्रकल्पांना साह्य देत आले आहे. या व्यवस्थांत दोन्ही देशांचा आर्थिक सहभाग असतो. परदेशी प्राध्यापकांना भारतीय संस्थांत अध्यापनासाठी आणणारा 'ग्यान' हा कार्यक्रम २०१५ मध्ये, तर भारतीय व परदेशी संशोधन गटांना एकत्र आणणारी 'स्पार्क' ही योजना २०१८ मध्ये केंद्र सरकारने सुरू केली. स्पार्क योजनेच्या समन्वयाचे काम खरगपूर आयआयटीकडे सोपविण्यात आले.

तंजावर येथील शास्त्र अभिमत विद्यापीठ हे या नव्या काळाचे उदाहरण आहे. १९८४ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून आरंभ झालेल्या या संस्थेला २००१ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. अभ्यासक्रमातील एक सत्र परदेशी विद्यापीठातील प्रकल्पासाठी देण्याची सोय येथील विद्यार्थ्यांना उपलब्ध करून देण्यात आली. गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम येथे गेले. त्यांच्या नावाने या विद्यापीठाने २००५ पासून ३२ वर्षांपर्यंतच्या तरुण गणितज्ञांसाठी आंतरराष्ट्रीय पारितोषिक सुरू केले. २००६ मध्ये टेरेन्स टाओ, २०१३ मध्ये पीटर शोल्झे आणि २०१७ मध्ये मारिना व्याझोव्स्का यांना ते मिळाले. हे पारितोषिक गणिताचे आहे, अभियांत्रिकीचे नव्हे. तरीही महानगराबाहेरील संस्थेला जगातील विद्वानांशी बरोबरीच्या नात्याने संबंध जोडता येतात, हे त्यातून दिसून आले.

शेतकऱ्याच्या खळ्यावरील कसोटी

इतक्या वर्षांच्या संशोधनानंतरही ओल्या भाताचा प्रश्न पूर्णपणे सुटलेला नाही. सरकारी खरेदीसाठी भातातील ओलाव्याची मर्यादा १७ टक्के आहे. कापणीच्या वेळी पाऊस आला की कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील खरेदी केंद्रांबाहेर भाताचे ढीग साचतात आणि मर्यादा शिथिल करण्याची मागणी होते. २०२२ व २०२३ मध्ये केंद्र सरकारने तमिळनाडूसाठी अशी सवलत दिली होती. सवलतीमुळे शेतकऱ्याला तात्पुरता दिलासा मिळतो, परंतु दाण्यातील पाणी कमी होत नाही. ते काम वाळवणी यंत्रालाच करावे लागते.

येथे अडचण विज्ञानापेक्षा अर्थकारणाची अधिक आहे. भात कसा वाळवावा, हे ज्ञात आहे. वर्षातून काही आठवडेच लागणारे महागडे यंत्र कोणी विकत घ्यावे, त्याचे इंधन कोठून यावे आणि ते गावागावांत वेळेवर कसे पोहोचावे, हे प्रश्न शिल्लक आहेत. व्हिएतनाम, थायलंड, फिलिपाइन्स, बांगलादेश या देशांतील भातउत्पादकांनाही पावसातील कापणीच्या अशाच अडचणींना तोंड द्यावे लागते. त्यामुळे यापुढील सहकार्याची स्वाभाविक दिशा केवळ युरोप-अमेरिकेकडे असण्याचे कारण नाही.

महाराष्ट्रासाठीही हा विषय दूरचा नाही. परतीच्या पावसात कोकणातील कापलेला भात शेतात भिजतो आणि त्याला कोंब फुटतात, हे दृश्य अनेक वर्षी पाहावयास मिळते. भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांतील धान उत्पादकांनाही अवेळी पावसाचा फटका बसतो. राज्यातील कृषी व अभियांत्रिकी विद्यापीठांना परदेशी संस्थांशी करार करण्याबरोबरच तंजावरशी संबंध जोडणेही तितकेच लाभदायक ठरू शकते.

निष्कर्ष

सरफोजी राजांनी उपकरणे आणली, पण संस्था उभी राहिली नाही. १९६०च्या दशकात वाण व यंत्रे आली, त्यांतून नवा प्रश्न निर्माण झाला आणि त्या प्रश्नासाठी स्थानिक प्रयोगशाळा सुरू झाल्याने काम पुढे चालू राहिले. परदेशी साह्य किती मिळाले यापेक्षा, ते संपल्यावर काम कोणाच्या हाती राहिले, यावर सहकार्याचे मूल्य ठरते. तंजावरच्या संदर्भात त्याची कसोटी साधी आहे : पुढील कुरुवै हंगामात पाऊस आला, तर शेतकऱ्याचा भात वेळेत वाळेल की नाही.